बाराच्या ठोक्याची समाधी

‘हात लावू नका! कुणीही हात लावू नका!’ मी पेटीवरून ओरडलो. ‘बुवांना समाधी लागलीय!’

रामनवमीचा दिवस, भर बाराचा ठोका. आमच्या राममंदिराच्या मंडपात घंटा, शंख, दोन नगारे आणि चार ताशे एकाच क्षणी सुटले होते. गुलालानं समोरचा माणूस दिसत नव्हता. आणि त्या गुलालात, नवमीला पहिल्यांदाच नारदाच्या गादीवर उभे राहून रामजन्माचं आख्यान सांगणारे आमचे श्रीधरबुवा नवाथे हातातल्या झांजेसकट आडवे झाले होते. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली.

बुवा म्हणजे वय वर्षं तेवीस. एरवी पतपेढीत कारकून. हनुवटीवर मोजून अकरा केस, ते मीच एकदा मोजले होते. पण कीर्तनकार गादीवर उभा राहिला की तो नारदाच्या जागी. मग ऐंशी वर्षांचा म्हातारासुद्धा त्याच्या पायावर डोकं ठेवणार, ही आमच्याकडची रीत. खाली उतरला की तोच म्हातारा त्याला ‘काय रे श्रीधऱ्या’ म्हणणार, हीही रीतच.

मी ओरडलो म्हणून कुणी हात लावला नाही. उलट लोकांनी हात जोडले. बायका गादीच्या कडेला डोकं टेकवायला लागल्या. अर्ध्या मिनिटानं बुवांनी डोळे उघडले, आपल्याभोवती एवढी डोकी का, हे न कळून इकडंतिकडं पाहिलं आणि पाणी मागितलं. सगळा मंडप उठून उभा राहिला. जयजयकार असा झाला की कळसावरची कबुतरं संध्याकाळपर्यंत परतली नाहीत.

घरी आलो तर आमची शशिकला सुंठवड्याची पुडी सोडत म्हणाली, ‘समाधी कसली? पोर सकाळपासून निर्जळी उपाशी. घेरी आली त्याला.’

‘तुला नाही कळायचं. तू कीर्तनात वाती वळत बसतेस.’

‘वाती तरी होतात. तुमचं काय होतं?’

माझं काय होत होतं ते सांगायला हवं. मी मुरलीधर अंदुरे, जातीचा कासार, पेठेत बांगड्यांचं दुकान. नाव मुरलीधर आणि वाजवतो पेटी, हा विनोद गावानं चाळीस वर्षं पुरवून पुरवून वापरला. कीर्तन म्हटलं की मला दुकान दिसत नाही, गिऱ्हाईक दिसत नाही. एकदा एका नवरीच्या डाव्या हातात चुडा भरला, उजवा तसाच ठेवला आणि पूर्वरंग चुकेल म्हणून पळालो. ती बिचारी दीड तास अर्धी सवाष्ण होऊन बसली होती. ही गोष्ट शशिकला आजही, माझ्या पंच्याहत्तरीनंतरही, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. मी कितीक बुवांना साथ केली, पण डोळ्यांदेखत समाधी लागलेली कधी पाहिली नव्हती. ती माझ्या पेटीच्या सुरावर लागली, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

माझी लेक वैजयंती तेव्हा मिरजेच्या एका दवाखान्यात नोकरीला होती. माणसाला आडवं निजवून, छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढायची, हे तिचं काम. तिला फोन करून मी मोठ्या थाटात सगळं सांगितलं.

‘बाबा, पडला तेव्हा रंग कसा होता त्याचा?’

‘गुलाल होता गं तोंडावर. रंग कसा कळणार?’

‘हात टेकले का त्यानं पडताना?’

‘समाधीत हात टेकतात होय?’

‘त्याला घेऊन या इकडं. दहा मिनिटांचं काम आहे.’

‘वैजू, समाधीची पट्टी निघते का?’

‘बघू की. काही नाही निघालं तर तुमचा देव जिंकला. मी नारळ फोडीन.’

‘सांगतो त्याला,’ मी म्हणालो.

नाही सांगितलं. श्रावणात तिनं विचारलं, दिवाळीला विचारलं, संक्रांतीला तिळगूळ देतानाही विचारलं. ‘सांगितलं का?’ ‘सांगतो गं.’ तीन वेळा म्हणालो आणि तीन वेळा गिळून टाकलं. कारण एव्हाना श्रीधरबुवांचं नाव चहूकडे झालं होतं. पंचक्रोशीतून बोलावणी येत होती. एका गावानं तर कागद छापला होता, ‘समाधीचे मानकरी, बालकीर्तनकार’. तेविसाव्या वर्षी बालकीर्तनकार! तो कागद श्रीधरनं मला दाखवला आणि म्हणाला, ‘काका, पुढच्या वर्षी मला कडेवर घेऊन या म्हणतील.’

त्या गावांत त्याला समाधी लागत नसे. लोक खट्टू होऊन माझ्याकडं पाहत. मी सांगायचो, ‘ती फक्त रामजन्मालाच लागते.’ हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

फाल्गुनात असंच एक कीर्तन करून आम्ही दुपारच्या एसटीनं परतत होतो. श्रीधर खिडकीशी, मी पेटी मांडीवर घेऊन शेजारी.

‘काका, खरं सांगू? रागावू नका.’

‘बोल.’

‘मला तिथं काहीच दिसलं नाही. तेज नाही, देव नाही. दिवे गेल्यासारखं झालं आणि मग तुमचा चष्मा दिसला.’

‘त्यालाच निर्गुण म्हणतात.’

तो हसला. ‘तुमच्याकडं सगळ्याला शास्त्राधार तयार असतो. उद्या मी शिंकलो तरी तुम्ही ओंकार म्हणाल.’ मग जरा वेळ बाहेरचे ऊस बघत राहिला. ‘भीती वाटते पण. मृणालसारखं काही नसेल ना?’

मृणाल त्याची धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी दहावीला होती. हुशार, हसरी, माझ्या दुकानातून हिरव्या काचेच्या बांगड्या घासाघीस न करता कधीच न्यायची नाही. परीक्षेच्या दिवसांत एका पहाटे अंथरुणातच गेली. ताप नाही, खोकला नाही. गाव म्हणालं, परीक्षेचा धसका घेतला पोरीनं. वडील आधीच वारलेले, त्यामुळे घरात आता आई आणि श्रीधर एवढेच उरले होते.

‘छे रे,’ मी म्हणालो. ‘तो धसका वेगळा, ही समाधी वेगळी.’

जिभेवर वैजूचा निरोप आला होता. देवाशपथ सांगतो, आला होता. तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, ‘बुवा, पुढच्या महिन्यात लागणार न्हवं समाधी? आमच्या मंडळीस्नी घिऊन येतो.’ श्रीधर लाजला, मी फुगलो आणि निरोप पुन्हा पोटात गेला.

नवमीच्या आदल्या दिवशी देवस्थानचे अध्यक्ष आबासाहेब मोहिते दुकानात आले. माणूस दिलदार, पण प्रत्येक गोष्ट गेल्या वर्षीच्या दुप्पट झाली पाहिजे, असा हट्ट.

‘अंदुरे, यंदा समाधी कशी दणक्यात लागली पाहिजे. चार नगारे सांगितल्यात. मोठी घंटा नवी बसवलीया. आन् बाराच्या ठोक्याला उखळी बार.’

‘बार नको, आबा.’

‘का वो?’

‘म्हातारी माणसं दचकतील.’

‘बरं, बार ऱ्हाऊ दे. पण नगारं चार.’

‘चार चालतील,’ मी म्हणालो.

हे ‘चार चालतील’ मी म्हणालो होतो, हे मला अजून कधीतरी जेवताना आठवतं आणि हातातला घास मी ताटात परत ठेवतो.

नवमीला वैजू रजा घेऊन आली होती. सकाळी मी पेटी पुसत होतो, ती दारात उभी.

‘सांगितलंत का त्याला?’

‘आज नको गं. आज त्याचं कीर्तन आहे. उद्या तुझ्याबरोबरच धाडतो.’

‘म्हणजे वर्षभरात सांगितलंच नाही?’

मी पेटीच्या फटीत फडकं घालत राहिलो. शशिकला आतून म्हणाली, ‘अगं, त्यांना सांगायला वेळ कुठला? ते निर्गुणात होते.’ या वेळी तिच्या बोलण्यात थट्टेपेक्षा धार जास्त होती. वैजू चपला घालून निघाली. श्रीधरला गाठायला निघाली होती, पण तो तोवर सोवळ्यात देवापुढं बसलेला. तिला कुणी गाभाऱ्यापाशी जाऊ दिलं नाही.

मंडप साडेदहालाच भरला. लोक बाहेर ओट्यावर, पारावर, एक जण तर पिंपळावर. पूर्वरंग उत्तम झाला. श्रीधरचा आवाज असा की मधाचं बोट फिरवल्यासारखा. शब्द संपला तरी गोडी राहते. आख्यानाला लागला. घड्याळ आबासाहेबांच्या हातात. बाराला पाच कमी, तीन कमी. अयोध्येत वारा थांबला, पक्षी थांबले, सगळं थांबलं असं वर्णन करत त्यानं आवाज इतका खाली आणला की मंडपात पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. आणि त्या शांततेत आबासाहेबांचा हात खाली आला.

चार नगारे. मोठी घंटा. ताशे. शंख.

श्रीधर पडला.

‘समाधी! समाधी!’ मंडप उसळला. आणि माझा हात, मागच्या वर्षीच्या सवयीनं, आपोआप वर गेला. ‘हात लावू नका!’

अर्धं मिनिट झालं. मी वाट पाहत होतो. तो उठेना. मी पेटीवरून वाकून पाहिलं. या वेळी गुलाल त्याच्या तोंडावर पडला नव्हता. ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते. घशातून एक खरखर आली, मग तीही थांबली.

बायकांच्या बाजूनं दोरी ओलांडून कुणी तरी धावत आलं. वैजू. ती सरळ गादीवर चढली, गुडघे टेकले, त्याच्या मानेशी दोन बोटं धरली आणि दोन्ही तळहात त्याच्या छातीवर ठेवून दाबायला लागली.

‘अगं बाई, गादीवर चढली!’

‘कुणाची पोरगी ती?’

आबासाहेब धावले. ‘पोरी, समाधी मोडू नये! पाप लागतं!’

‘लागू दे मला! ते नगारे बंद करा आधी!’ तिनं मान वर न करता हाक मारली. ‘बाबा! मोठ्यानं मोजा. तीस झाले की सांगा.’

आणि मी मोजलं. आयुष्यभर मात्रा मोजल्या, पण अशा कधी नाही. एक, दोन, तीन, चार. माझा आवाज मलाच परका वाटत होता. तीस झाले. तिनं त्याचं नाक धरून तोंडानं श्वास दिला. मंडपातून ‘शिव शिव’ असा आवाज उठला. ‘पुन्हा!’ मी पुन्हा एकपासून सुरू केलं. नगारे कधी थांबले मला कळलं नाही. आठशे माणसांत फक्त माझे आकडे आणि तिच्या हातांचा धप् धप्. बावीस. तेवीस. चोवीस.

श्रीधरला ठसका लागला.

वैजूनं हात काढले आणि मागं बसली. तिच्या कपाळावरून घाम गळत होता. मग माझ्याकडं पाहून, सगळ्या गावादेखत, ती एवढंच म्हणाली, ‘जीप काढायला सांगा कुणाला तरी.’

आबासाहेबांचीच जीप. मागच्या बाकावर श्रीधर, त्याची आई उषावहिनी, वैजू, आणि पुढं मी. का कोण जाणे, पेटी माझ्या मांडीवरच होती. ती उचलल्याचं मला आठवत नाही. वाटेत श्रीधर शुद्धीवर होता, पण दमलेला. मिरजेच्या पुलावर त्यानं हळूच विचारलं, ‘काका, सुंठवडा वाटला का?’

‘गप पड.’

‘नाही, माझा ठेवा म्हटलं.’

दवाखान्यात वैजूनंच पट्टी काढली. कागद यंत्रातून सरकत होता आणि ती त्यावरच्या रेघा बोटानं मोजत होती. मग तो कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाई साठीच्या, चष्मा साखळीनं गळ्यात. त्यांनी पट्टी दोनदा पाहिली आणि उषावहिनींना समोर बसवलं. मी दाराशी उभा.

‘घरात कुणी लहान वयात, अचानक गेलं आहे का?’

‘माझी मुलगी. सोळाची होती.’

‘कशानं?’

‘परीक्षेचा धसका म्हणाले सगळे.’

‘कुठल्या वेळी?’

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘पहाटे पाचला. अभ्यासाला उठायचं म्हणून उशाशी गजर लावायची. मी चूल पेटवत होते. गजर वाजला. मी आतून ओरडले, मृणाल, बंद कर गं तो. तो वाजतच राहिला. मग मी चिडून उठले.’

त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

‘तेव्हापासून घरात घड्याळाला गजर नाही,’ वहिनी खालमानेनं म्हणाल्या. ‘दारावरची बेल काढून टाकली. फोनवर उशी ठेवते. मला तो आवाज सोसवत नाही. श्रीधरला मी पाठीवर हात फिरवून उठवते. लोक हसतात. एवढा घोडा झाला, म्हणतात.’

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. ‘लोकांना हसू द्या. तुमच्या दुःखानं तुमचा मुलगा जपला, बाई.’

मग त्यांनी समजावलं. हृदय विजेवर चालतं. दर ठोक्यानंतर ते पुढच्यासाठी तयार होतं. काही घराण्यांत जन्मतःच त्या तयारीला थोडा जास्त वेळ लागतो. वरून काही दिसत नाही. मुलं धडधाकट असतात, गातात, खेळतात. पण त्या उशीर झालेल्या क्षणी एकदम मोठा दचका बसला तर हृदय लय सोडून नुसतं थरथरतं. कधी आपोआप ताळ्यावर येतं. कधी येत नाही. ‘या मुलांना एकाएकी वाजलेला गजर, घंटा, फोन, हे सगळ्यात वाईट. मुलीचं बहुधा हेच झालं असणार. आज तुमचीही पट्टी काढू. हे आईकडून किंवा वडिलांकडून येतं.’ आणि मग माझ्याकडं वळून, ‘त्याच्या कानाशी चार नगारे ठेवायची कल्पना कुणाची?’

‘परंपरा आहे,’ मी पुटपुटलो.

‘गेल्या वर्षीही पडला होता म्हणे. तेव्हाच का नाही आणला?’

वैजू यंत्राच्या वायरी गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही. तिनंच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण ते काम तिनं माझ्यावरच ठेवलं.

बाहेरच्या बाकावर वहिनी बसल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

‘वहिनी, वैजूनं वर्षभर मला सांगितलं होतं, त्याला घेऊन या म्हणून. चार वेळा. मी तुम्हाला बोललो नाही.’

‘का?’

‘समाधी नाही असं निघालं तर, म्हणून.’

त्यांनी आवाज चढवला नाही. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

‘भाऊजी, मृणाल गेली तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘आज तुम्हाला ठाऊक होतं.’

मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

श्रीधरला पुण्याला नेलं. गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. हृदय पुन्हा थरथरलं तर ते आतूनच धक्का देऊन त्याला लयीत आणणार. रोज गोळ्या, आणि दचक्यांपासून दूर राहायचं. वहिनींच्या पट्टीतही तेच निघालं, त्यांनाही गोळ्या लागल्या. भेटायला गेलो तर स्वारी उशीला टेकून बसलेली.

‘या काका. निर्गुणावर गोळी निघालीय म्हणे.’

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

‘रडू नका हो. आता आपली जोडी जमली. तुमची पेटी बाहेर, माझी आत. फक्त माझी वाजू नये एवढी प्रार्थना करा.’

‘तू मला बोल तरी काहीतरी. शिव्या दे.’

‘देतो की. पण आधी मला पुढच्या नवमीचं सांगा. मी उभा राहणार आहे.’

‘अजिबात नाही,’ वहिनी म्हणाल्या.

‘आई, पतपेढीत पैसे मोजत मरायचं नाही मला. मी गाणार.’

दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी वहिनी माझ्याकडं वळल्या. दवाखान्यातल्या त्या बाकानंतर त्या पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होत्या. ‘भाऊजी, तुम्ही हात वर केलात आणि गावानं माझ्या पोराला हात लावला नाही. एवढा तुमचा शब्द. आता त्याच शब्दानं नगारे थांबवून दाखवा. थांबले तर तो उभा राहील. नाही तर नाही.’

पुढच्या फाल्गुनात देवळात बैठक बसली. मी उभा राहून सगळं सांगितलं. ती समाधी नव्हती. पोर मरत होतं आणि मी तुम्हाला हात लावू दिला नाही. एक शब्द लपवला नाही. लोकांत गलका झाला.

‘म्हंजे आम्ही पाया कुणाच्या पडलो?’

‘गादीच्या,’ मी म्हणालो. ‘ती खरी आहे.’

‘ते समदं मान्य,’ आबासाहेब म्हणाले. ‘पोराला जपलंच पायजे. पण अंदुरे, नगाऱ्याबिगर रामजन्म? शंभर वरसाची रीत हाय. दुसरा बुवा बघू की एखादा.’

मी शास्त्राधार शोधत होतो. पहिल्यांदाच एकही सापडेना. तेवढ्यात बायकांतून शशिकला उठली. हातात वाती तशाच.

‘आबासाहेब, एक विचारू? तुमच्या सूनबाई मागच्या वर्षी बाळंत झाल्या. खोलीबाहेर तुम्ही किती नगारे लावले होते?’

‘आवो वहिनी, काय बोलता! मी नुसता खाकरलो तर आमच्या हिनं मला परसात हाकललं.’

‘मग तुमच्या नातवाला जी माया, ती कौसल्येच्या बाळाला नको का? जन्मलेल्या पोराच्या कानाशी घंटा बडवायची, ही कुठली रीत?’

बायका हसायला लागल्या. मग पुरुषही. आबासाहेबांनी फेटा काढला, डोकं खाजवलं. ‘अंदुरे, तुमची मंडळी तुमच्यापरास शानी हाय.’

‘चाळीस वर्षं ऐकतोय,’ मी म्हणालो.

ठरलं ते असं. बाराला काहीही वाजायचं नाही. पाळणा हलेल, पाळणा गायला जाईल, बुवा गादीवरून उतरून घरी पोचतील, आणि मग एक वाजता आबासाहेबांना हवे तेवढे नगारे. आबासाहेबांनी लगेच सहा सांगितले.

त्या नवमीला नगाऱ्यांवर गोधड्या घातल्या होत्या. घंटेची जीभ फडक्यानं बांधलेली. आबासाहेब स्वतः दाराशी टोपली घेऊन उभे. येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल बंद करून टोपलीत. एका जावईबुवांनी कुरकुर केली तर म्हणाले, ‘द्या मुकाट. कौसल्याबाई आडल्यात.’ वैजू गादीजवळच्या खांबाला टेकून उभी. उषावहिनींना बायकांनी पाळण्याची दोरी धरायला पुढं बसवलं होतं. त्यांनी ती दोन्ही मुठींत धरली होती.

श्रीधरनं आख्यान रंगवलं. पाच मिनिटं, तीन मिनिटं. आवाज खाली, आणखी खाली. मी पेटीवरचे हात उचलले होते. डोळे त्याच्या गुडघ्यांवर. त्यानं डोळे मिटून घेतले. त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

आबासाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि नुसती मान हलवली.

आठशे माणसं, आणि श्वासाचाही आवाज नाही. वहिनींनी दोरी ओढली. पाळण्याची कडी कुरकुरली. कुणी तरी मुठीनं गुलाल सोडला, तो हळूहळू खाली येत राहिला. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पदराखाली टाळी वाजवली, तीही एका बोटानं.

श्रीधरनं डोळे उघडले. पाळण्याकडं पाहिलं. हलणारी झालर, फुलात बुडालेली ती एवढीशी मूर्ती, दोरी धरलेली आई. तो पाहतच राहिला. गायचं विसरून गेला. मी हळूच सूर दिला, तरी त्याचं लक्ष नाही. मग तो माझ्याकडं वाकला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला,

‘काका, असं असतं होय?’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोन वर्षं याच गादीवरून यानं गावाला रामजन्म दाखवला, आणि स्वतः एकदाही पाहिला नव्हता.

‘असंच असतं,’ मी म्हणालो. ‘आता गा. तुझी आई दोरी धरून खोळंबलीय.’